रणगाड्याभोवतीची गुलाबी कडा: का येते, कशी घालवायची, आणि पुढच्या युनिटला परत का येते

गिम्प या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सेंच्युरियन रणगाडा झकास दिसतो. खेळाच्या शीटमध्ये, म्हणजे सगळ्या युनिटांची चित्रं असलेल्या फाइलमध्ये, चिकटवून खेळ सुरू केला की त्याच्याभोवती जांभळट-गुलाबी ठिपक्यांची किनार उमटलेली असते. झूम करून ठिपके खोडले, पुन्हा सेव्ह केलं, तरी टरेटच्या (वरच्या फिरत्या भागाच्या) मागे दोन-चार उरतातच. ते काढले की लक्षात येतं, तोफेची नळी मधूनच तुटली आहे. मग पुढचं युनिट घेतलं की सगळं पहिल्यापासून.

सिव्हिलायझेशन २ च्या कुटुंबातले खेळ (मूळ १९९६ चा, त्यानंतरचा मल्टिप्लेअर गोल्ड, १९९९ चा टेस्ट ऑफ टाइम) आजही युद्धाचे प्रसंग रचण्यासाठी वापरले जातात. त्यांची युनिटं बदलायला प्रोग्रामिंग लागत नाही, एक चित्राची फाइल लागते. म्हणून नवशिका इथूनच सुरुवात करतो आणि इथेच अडकतो. मी उदाहरण म्हणून १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धातल्या असल उत्तरच्या लढाईचा युनिट-संच धरतो. खेमकरण भाग, ८ ते १० सप्टेंबर. भारताकडून थर्ड कॅव्हलरी या रणगाडा-रेजिमेंटचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे शर्मन, एट्थ लाइट कॅव्हलरीचे एएमएक्स-१३ रणगाडे, आणि जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफा. समोर पाकिस्तानचे पॅटन आणि शॅफी रणगाडे. या संचात अडचणीचे सगळे नमुने सापडतात: लांब बारीक नळ्या, गोल आणि कोनी टरेट, छोटी गाडी, माणसं.

कडा म्हणजे नेमकं काय

या खेळांत खरी पारदर्शकता नाही. शीटवरचा एक ठरलेला रंग खेळ 'इथे काही काढू नकोस' असा वाचतो. तो शुद्ध मॅजेंटा: लाल २५५, हिरवा ०, निळा २५५. तुलना काटेकोर असते. २५५, ०, २५५ असेल तर पिक्सेल गायब. २५४, ०, २५५ असेल तर तो एक गुलाबी पिक्सेल म्हणून पडद्यावर येतो. 'जवळपास मॅजेंटा' ही गोष्ट खेळाला कळत नाही.

आता रणगाड्याचा ऑलिव्ह रंग ७५, ८३, ५० आहे असं धरा. चित्र मॅजेंटा पार्श्वभूमीवर ठेवून लहान केलं की सॉफ्टवेअर कड मऊ करायला दोन्ही रंग मिसळतं. निम्मा-निम्मा मिसळला तर पिक्सेल होतो १६५, ४२, १५२. पाऊण भाग पार्श्वभूमीचा असेल तर २१०, २१, २०४. पाऊण भाग रणगाड्याचा असेल तर १२०, ६२, १०१, म्हणजे मळकट जांभळट. यातला एकही रंग २५५, ०, २५५ नाही, त्यामुळे तिन्ही दिसतात. तुमची गुलाबी कडा ती हीच. खेळात किंवा ग्राफिक्स कार्डात दोष नाही, सेटिंग बदलूनही काही होत नाही. मिसळलेले पिक्सेल फाइलमध्येच आहेत.

एकदा हे ध्यानात आलं की शोध सोपा होतो: मॅजेंटा आणि ऑलिव्ह एकमेकांना भेटले कुठे?

सर्वात जास्त वेळा ते भेटतात आकार बदलताना. चित्र चौपट आकारात काढायचं आणि शेवटी लहान करायचं ही पद्धत चांगलीच आहे, पण मॅजेंटा आधी भरून मग लहान केलं की खेळ खल्लास. तिरकं फिरवलं तरी तेच.

दुसरी जागा ब्रश. गिम्पमध्ये ब्रश आणि पेन्सिल ही दोन वेगळी साधनं आहेत, आणि ब्रशची कड कायम मऊ असते. अगदी एक पिक्सेलचा ब्रश घेतला तरी. पार्श्वभूमी ब्रशने 'साफ' करणारा माणूस कडा पुसत नसतो, नवी घालत असतो. या कामात हातात फक्त पेन्सिल. खोडरबरालाही 'हार्ड एज' ची खूण असते, ती लावून ठेवा. सिलेक्शनच्या साधनांवर 'अँटीअलायझिंग' आणि 'फेदर एजेस' अशा कड मऊ करणाऱ्या दोन खुणा असतात. अँटीअलायझिंग आपोआप चालू असते. दोन्ही बंद.

तिसरी, आणि आपल्याकडची खास, म्हणजे व्हॉट्सॲप. दोघं-तिघं मिळून संच करत असले की शीट गटात फोटो म्हणून टाकली जाते. तिथे तिची जेपीजी होते. जेपीजी रंग ठोकळ्या-ठोकळ्यांनी दाबते, आणि सपाट मॅजेंटाला जागोजागी डाग पडतात. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, खेळाला दिसतात. मग कडेलाच नव्हे, रिकाम्या जागेतही गुलाबी कण उडालेले असतात. असे कण युनिटपासून लांब, मोकळ्या भागात दिसले तर दुसरं कारण शोधत बसू नका. ती फाइल कधीतरी जेपीजी झालेली आहे. नंतर तिला पीएनजी म्हणून सेव्ह केल्याने डाग जात नाहीत. मूळ फाइल मागवा आणि 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

चौथं कारण सावली. रणगाड्याखाली धूसर, मऊ सावली घातली की ती मॅजेंटात मिसळून खाली गुलाबी ढग तयार होतो. अर्धपारदर्शक सावली इथे शक्यच नाही. एकतर एक पिक्सेल सोडून एक असे गडद ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे मांडा, किंवा रणगाड्याच्या चाकांभोवतीच्या पट्ट्यांच्या खाली सरळ गडद हिरवी एक ओळ द्या. मला दुसरा उपाय आवडतो. ठिपक्यांची जाळी गवतावर ठीक दिसते, वाळवंटाच्या चौकोनावर मात्र घाण पडल्यासारखी वाटते.

क्रम बदला, कडा येतच नाही

मॅजेंटा सर्वात शेवटी. एवढं एक पाळलं की बाकीचं आपोआप जुळतं.

काम पारदर्शक पार्श्वभूमीवर सुरू करा. सिव्हिलायझेशन २ (पुढे सिव्ह २) च्या शीटवर एका युनिटचा कप्पा ६४ बाय ४८ पिक्सेलचा असतो, म्हणून चौपट म्हणजे २५६ बाय १९२ चा कॅनव्हास घ्या. रणगाडा काढून झाला की पारदर्शक असतानाच तो ६४ बाय ४८ करा. इंटरपोलेशन 'क्यूबिक' चालेल. या वेळी कडेच्या पिक्सेलचा रंग ऑलिव्हच राहतो, फक्त तो अर्धवट पारदर्शक होतो. मग लेयर मेनूत ट्रान्सपरन्सी, त्यात 'थ्रेशोल्ड अल्फा'. मधली किंमत ठेवली की प्रत्येक पिक्सेल एकतर पूर्ण राहतो नाहीतर पूर्ण जातो, अर्धवट काही उरत नाही. आता खाली नवा लेयर, त्यात मॅजेंटा. हा रंग आकडे टाइप करून घेण्यापेक्षा खेळाच्या मूळ शीटवरून 'कलर पिकर' ने उचला, म्हणजे त्या शीटला जो रंग लागतो तोच हातात येतो. दोन्ही लेयर एकत्र करा आणि शीटमधल्या कप्प्यात चिकटवा.

चिकटवल्यानंतर त्या शीटवर आकार बदलणं, फिरवणं, ब्लर, शार्पन, रंग-उजेड काही करायचं नाही. उजेड वाढवायचा असेल तर परत पारदर्शक फाइलवर जा. म्हणून ती मूळ एक्ससीएफ (गिम्पची लेयरसकट साठवलेली) फाइल प्रत्येक युनिटची वेगळी ठेवा. तयार शीटवरूनच युनिट उचलून पुढचं युनिट करायची सवय असते लोकांना, आणि 'दर वेळी परत येतं' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

कडा गेली, पण नळी तुटली

थ्रेशोल्डनंतरची ही नेहमीची तक्रार. इथे थोडं थांबतो, कारण युनिट चांगलं की सामान्य हे याच टप्प्यावर ठरतं.

सेंच्युरियनचा सांगाडा सुमारे ७.६ मीटर लांब, आणि तोफ पुढे धरून जवळपास १० मीटर. ६४ पिक्सेलमध्ये तोफेसकट बसवायचा तर सांगाड्याला साधारण ४४ पिक्सेल मिळतात, म्हणजे मीटरला पावणेसहा. या मापाने नळीची जाडी जेमतेम एक पिक्सेल येते. चित्र लहान करताना ती नळी नेमकी एका ओळीवर आली तर ठीक. दोन ओळींच्या मध्ये आली तर दोन्ही ओळींत निम्मी-निम्मी वाटली जाते. मग थ्रेशोल्ड एकतर दोन्ही ओळी ठेवतो आणि नळी पाइपसारखी जाड होते, किंवा दोन्ही उडवतो आणि नळी गायब. तिरकी असेल तर थोडी इकडची थोडी तिकडची, म्हणून तुटक.

थ्रेशोल्डची किंमत वर-खाली करून हे सुटत नाही. नळी मोठ्या चित्रात काढूच नका. लहान केल्यावर, थ्रेशोल्ड झाल्यावर, पेन्सिलने एक पिक्सेलची रेघ हाताने ओढा. तिरकी रेघ असेल तर पायऱ्या एकसारख्या ठेवा: तीन पिक्सेल पुढे एक वर, परत तीन पुढे एक वर. तीन, दोन, चार, एक अशा पायऱ्या झाल्या की नळी वाकल्यासारखी दिसते. अँटेना, मशीनगन, जीपवरच्या रिकॉइललेस तोफेची नळी यांनाही हाच नियम.

तपशिलाचंही तसंच आहे. ६४ पिक्सेलमध्ये सगळं मावत नाही, म्हणून काय ठेवायचं ते निवडावं लागतं, आणि निवड ओळख पटण्यावरून करायची. सेंच्युरियनच्या बाजूला चाकांवर लोंबणारे पत्रे असतात. त्यामुळे चाकांचा फक्त खालचा भाग दिसतो आणि वर लांब सरळ पट्टी. टरेट कोनी, बाजूंना सामानाच्या पेट्या. पॅटनला पत्रे नाहीत, सहा चाकं उघडी, वरची छोटी चाकंही दिसतात, टरेट ओतीव आणि गोलसर, तोफेच्या तोंडाला मझल ब्रेक (धक्का कमी करणारा जाडसर तुकडा). सेंच्युरियनच्या तोफेला तो नाही. माझ्या मते नळीच्या टोकाशी एक पिक्सेल जास्त जाडी देणं हे पॅटनसाठी सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी काम आहे. दोन पिक्सेलमध्ये शत्रू ओळखू येतो.

शर्मनची सहा चाकं दोन-दोनच्या तीन जोड्यांत असतात, तेव्हा जोडीत एक पिक्सेलची फट आणि जोड्यांमध्ये दोनची. एएमएक्स-१३ चं टरेट बरंच मागे बसलेलं असतं आणि चाकं पाच. टरेट मधोमध ठेवलंत तर बाकी कितीही बारकावे काढा, तो एएमएक्स वाटणार नाही.

मापाचा गोंधळही इथेच उघडा पडतो. त्याच पावणेसहाच्या मापाने एएमएक्स-१३ चा ४.९ मीटरचा सांगाडा २८ पिक्सेल येतो, जीप वीसच्या आसपास आणि उभा माणूस दहा. दहा पिक्सेलच्या माणसाला चेहरा नसतो. या लढाईत परमवीर चक्र मिळालेले अब्दुल हमीद यांची ओळख ज्या १०६ मिलिमीटर तोफेच्या जीपशी जोडलेली आहे, ती या प्रसंगातलं सर्वात महत्त्वाचं युनिट, आणि खऱ्या मापात ते कप्प्याच्या कोपऱ्यात हरवतं. म्हणून सगळे कसलेले चित्रकार माप दाबतात: रणगाडे थोडे लहान, जीप दीडपट, माणसं पंधरा-सोळा पिक्सेलची. तत्त्व एकच ठेवा, गाड्यांचा आपसातला लहान-मोठा क्रम बिघडू देऊ नका. शॅफी पॅटनएवढा झाला की खेळणारा फसतो.

संदर्भासाठी छायाचित्रं घेणार असाल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आपल्या हाताशी आहे. अनेक देशांचे आणि काळांचे रणगाडे तिथे उघड्यावर मांडलेले आहेत आणि चहूबाजूंनी फिरून बघता येतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. उभ्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीवरून रणगाड्याची बाजू दिसते, वरचा भाग दिसत नाही. सिव्ह २ चा नकाशा वरून तिरका बघितलेला आहे, त्याचा जमिनीचा चौकोन ६४ बाय ३२ चा. त्यामुळे छायाचित्रावरून गिरवलेला रणगाडा जमिनीवर उभा न वाटता पुठ्ठ्याच्या कटआउटसारखा वाटतो. छायाचित्रातून चाकं, पेट्या, जोड बघा. कोन मात्र खेळातल्या मूळ युनिटवरून घ्या. इंजिनाची झाकणं आणि टरेटचं छप्पर थोडं तरी दिसलं पाहिजे, आणि ते बाजूपेक्षा एक छटा उजळ.

रणगाड्यात भोकं पडतात

ही कडेची उलट बाजू. युनिटच्या आतले पिक्सेल गायब होतात आणि मधून गवत दिसतं. २५६ रंगांच्या फाइल वापरणाऱ्या जुन्या खेळांत हे हमखास होतं. तिथे बहुतेक वेळा जुळणी रंगाच्या आकड्यांवरून होत नाही, पॅलेटमधल्या (फाइलच्या रंगांच्या यादीतल्या) क्रमांकावरून होते. काही खेळांत पारदर्शक क्रमांक ० असतो आणि त्या जागी काळा रंग असतो. तुमच्या पट्ट्यांचा काळा रंग, चित्र इंडेक्स्ड (अशा यादीवर चालणारं) करताना त्याच क्रमांकावर गेला, की चाकांच्या जागी भोकं. उपाय साधा: निखळ काळा वापरू नका. ८, ८, ८ सारखा जवळचा काळा घ्या, पॅलेटमध्ये त्याची वेगळी जागा आहे याची खात्री करा, आणि तोच वापरा.

इंडेक्स्ड करताना गिम्पच्या खिडकीत तीन गोष्टी बघा. पॅलेट खेळाच्या मूळ फाइलमधून आयात केलेली 'कस्टम' हवी. 'न वापरलेले रंग काढून टाका' अशा अर्थाची खूण आपोआप लागलेली असते, ती काढा, नाहीतर सगळे क्रमांक सरकतात आणि ऑलिव्ह रणगाडा खेळात निळा होऊन येतो. आणि डिदरिंग (नसलेली छटा दोन रंगांचे ठिपके मिसळून दाखवणं) 'नन'. डिदरिंग चालू राहिलं तर सपाट पृष्ठभागावर बारीक रवाळ ठिपके येतात. लोक त्याला कॅमोफ्लाज समजून सोडून देतात, पण झूम कमी केल्यावर ते चिखलासारखं दिसतं.

फाइल उघडतच नाही, किंवा ढाल भलतीकडे

टेस्ट ऑफ टाइमला बीएमपी लागते. गिम्पमधून बीएमपी काढताना 'कम्पॅटिबिलिटी ऑप्शन्स' मध्ये रंगांची माहिती न लिहिण्याची एक खूण आहे. ती लावा. न लावल्यास फाइलचं शीर्ष नव्या धाटणीचं होतं आणि जुन्या कार्यक्रमांना ते वाचता येत नाही. त्याच खिडकीत खाली २४ बिट निवडा. १६ बिट निवडलं की रंग पाच-सहा बिटांत कोंबले जातात, आणि परत उघडताना काही सॉफ्टवेअर २५५ च्या जागी २४८ देतात. २४८, ०, २४८ म्हणजे पुन्हा गुलाबी, आणि या वेळी कड नव्हे, अख्खा कप्पा.

ढालीचं प्रकरण छोटं आहे. कप्प्यांच्या मध्ये एक पिक्सेलची हिरवी चौकट असते, आणि तिच्या वरच्या व डाव्या बाजूला एकेक निळा पिक्सेल. देशाचा रंग दाखवणारी ढाल कुठे बसेल ते हे दोन निळे पिक्सेल ठरवतात. युनिट चिकटवताना ६५ बाय ४९ चा तुकडा चौकटीसकट चिकटवला तर निळे पिक्सेल पुसले जातात किंवा दुसऱ्याच युनिटचे येतात. मग ढाल टरेटच्या मागे जाते किंवा नळीवर बसते. चौकटीच्या आत, ६४ बाय ४८ चंच सिलेक्शन घ्या. निळे पिक्सेल मुद्दाम हलवून ढाल मोकळ्या कोपऱ्यात नेता येते, लांब नळीच्या रणगाड्यांसाठी ते करावंच.

मॅजेंटा नाही, तरी कडा आहे

फ्रीसिव्हसारख्या खेळात पीएनजीची खरी पारदर्शकता चालते. त्याच्या अँप्लिओ नावाच्या चित्र-संचातही युनिटचा कप्पा ६४ बाय ४८ चाच असल्याने सिव्ह २ चं काम तिकडे नेणं सोपं जातं. इथे गुलाबी कडेऐवजी पांढरी किंवा काळी कडा येते. पांढरी बहुधा छायाचित्रातल्या आभाळाची: रणगाडा कापून काढला तेव्हा आभाळ मिसळलेले पिक्सेल सोबत आले. सिलेक्शन एक पिक्सेल आत घ्या, मग कापा. काळी कडा झूम करताना दिसते. पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही आत एक रंग दडलेला असतो, बहुतेकदा काळा, आणि खेळाने चित्र लहान-मोठं केलं की काही ठिकाणी तो कडेत उतरतो. त्यावर उपाय म्हणजे पारदर्शक भागाखाली रणगाड्याचाच रंग पसरवून ठेवणं आणि पीएनजी काढताना पारदर्शक पिक्सेलचे रंग जपण्याची खूण लावणं.

बॅटल फॉर वेसनॉथमध्ये मॅजेंटाचा अर्थच वेगळा आहे. तिथे त्याच्या ठरलेल्या छटा खेळाडूच्या रंगात बदलल्या जातात. सिव्ह २ ची शीट तशीच तिकडे नेली तर पार्श्वभूमीसकट सगळं रंगून निघू शकतं.

कडा नाही, भोक नाही, तरी युनिट दिसत नाही

सप्टेंबरातला पंजाब म्हणजे उभा ऊस आणि पाणी भरलेली शेतं. पॅटन त्याच चिखलात रुतले होते. नकाशाचे चौकोन हिरवे, रणगाडे हिरवे. चित्रात रंग जितका इतिहासाला धरून, तितकं युनिट खेळात अदृश्य. इथे मी इतिहासाच्या बाजूने उभा राहत नाही. ऑलिव्हला थोडं पिवळसर-तपकिरीकडे झुकवा, वरच्या-डाव्या कडेला एक उजळ पिक्सेल, खालच्या-उजव्या कडेला एक गडद. प्रकाश सगळ्या युनिटवर एकाच बाजूने. पूर्ण काळी बाह्यरेषा मात्र देऊ नका. ६४ पिक्सेलमध्ये ती चाकांची फट गिळून टाकते.

टरेटवर क्रमांक किंवा खूण काढणार असाल तर आधी तुमचा खेळ युनिट उलट दिशेला वळवताना चित्र आरशासारखं फिरवतो का ते बघा. फिरवत असेल तर आकडे उलटे दिसतील. तिथे वर्तुळ, पट्टी, त्रिकोण अशा दोन्हीकडून सारख्या खुणा घ्या.

आधीच खराब झालेली शीट हाती आली तर

मूळ लेयरची फाइल नाही, फक्त गुलाबी कडेची शीट आहे, अशी वेळ येते. जुने संच बहुतेक याच अवस्थेत मिळतात. हाताने एकेक ठिपका शोधत बसू नका.

'सिलेक्ट बाय कलर' घ्या, अँटीअलायझिंग बंद, थ्रेशोल्ड ६०, मॅजेंटावर क्लिक. यात शुद्ध मॅजेंटा आणि पाऊणहून जास्त मॅजेंटा असलेले सगळे पिक्सेल आले. मॅजेंटाने भरून टाका. बाहेरची अर्धी कडा गेली. आता थ्रेशोल्ड १२० करून परत क्लिक, मग सिलेक्शन 'सबट्रॅक्ट' वर नेऊन थ्रेशोल्ड ० ने पुन्हा मॅजेंटावर क्लिक. उरलेलं सिलेक्शन म्हणजे निम्म्या-निम्म्या मिसळीचे पिक्सेल, ते रणगाड्याच्या सर्वात गडद हिरव्याने भरा. त्यांची बारीक बाह्यरेषा होते, आणि बऱ्याचदा ती आधीच्या कडेपेक्षा शोभते. सिलेक्शन उचलल्यावर हिस्टोग्रामच्या खिडकीत किती पिक्सेल धरले गेले तो आकडा दिसतो. भरल्यानंतर हीच दोन पावलं परत करा, काहीच सिलेक्ट झालं नाही तर एवढं काम झालं.

थ्रेशोल्ड १२० च्या पुढे नेऊ नका. १२८ च्या आसपास मधले करडे रंगही मॅजेंटाच्या 'जवळचे' ठरू लागतात, आणि पोलादी पट्टे, मशीनगन, पेट्यांची झाकणं सिलेक्शनमध्ये येतात. आणखी पुढे, दीडशेच्या आसपास, माणसांचे चेहरे आणि हातही सापडतात. मळकट जांभळट रंगाचे, पाऊण ऑलिव्ह असलेले पिक्सेल या पद्धतीने निघत नाहीत. ते ८०० टक्के झूम करून पेन्सिलनेच घालवावे लागतात. एका रणगाड्याला ते मोजकेच असतात, मुख्यतः टरेटच्या वळणावर आणि चाकांच्या खाली.

सावलीचा गुलाबी ढग असेल तर मात्र वरचा उपाय लावू नका, तो ढगाचा हिरवा डबका करून ठेवतो. पट्ट्यांच्या खालचा सगळा भाग आयताकृती सिलेक्शनने मॅजेंटा करा आणि सावली नव्याने काढा. ते जास्त लवकर होतं.